चवीची चाचणी

पहिल्या दिवशी मी अर्धा तास बोलले
आणि मग कुणीतरी लिहिलं : प्रोफे, आवाज बंद आहे.

अरेकिपातलं माझं स्वयंपाकघर,
लॅपटॉपखाली तीन जाड शब्दकोश,
मागच्या दोरीवर नवऱ्याचा शर्ट वाळत असायचा.
तो सगळ्या वर्गाला दिसत होता,
हे मला तिसऱ्या आठवड्यात कळलं.

सव्वीस वर्षं मी दगड शिकवले ते हातात देऊन.
आता नमुन्यांची पेटी विद्यापीठात, विद्यापीठाला कुलूप,
किल्ली सेलेस्तिनोकडे,
आणि सेलेस्तिनो बस बंद म्हणून
पायीच निघालेला, कोतावासीला, घरी.

मग म्हटलं, घरात असेल ते आणा.
नख अडीच, नाणं साडेतीन, सुरी साडेपाच.
जो ओरखडतो तो कठीण, ज्यावर उमटतं तो मऊ,
इतकंच आहे हे शास्त्र.
कुणी फरशीचा तुकडा आणला, कुणी पायरीच उकरली.
नेलिदानं बातान ओढत आणला,
त्यांच्याकडचा पाटा-वरवंटा तो.
अँडेसाइट, मी म्हणाले, शाब्बास.
मागून तिची आई : मिरच्या वाटायच्या राहिल्यात.

मी चार-चार मिनिटांत बोलायला शिकले,
त्याहून लांब फाइल रोमानच्या खेड्यात उतरत नाही.
त्याचं उत्तर तीन दिवसांनी यायचं.
तोवर प्रश्न मीच विसरलेली असायचे.
पहाटे चारला ध्वनिमुद्रण, कुत्री उठायच्या आत.
एका भोकाकडे बघून हसायचं,
काळ्या चौकटींना नावानं हाक मारायची
आणि ओ आली असं धरून पुढे जायचं.

जूनमध्ये, मंगळवारी, हॅलाइट.

वर्गात मी म्हणायचे, जीभ लावा, लाजू नका,
आपल्या धंद्यात जीभ हेही उपकरणच.
एकच खडा बाकाबाकावरून फिरायचा,
शेवटच्या रांगेत पोचेपर्यंत ओलाचिंब.
आता ते आठवलं तरी हात धुवावेसे वाटतात.

तर, आपापल्या घरचं खडेमीठ. चव लिहा.
खारट.
खारट.
खारट, प्रोफे, हा काय प्रश्न झाला!
आणि एवेरनं माइक उघडला :
माझं मीठ बहुतेक खराब आहे.
कसलीच चव लागत नाही.

सगळ्यांचे माइक बंदच होते.
तरी मला ऐकू आलं.

घरात आणखी कोण आहे, एवेर?
अभ्यासक्रमात हा प्रश्न नव्हता.
बाबा, म्हणाला. कालपासून झोपूनच आहेत. दमलेत.

त्या दिवशी तास संपला तरी कुणी उठलं नाही.
नेलिदानं लिहिलं, मामाचं वेल्डिंगचं दुकान आहे,
एक सिलिंडर अर्धा भरलेला.
खाली कुणी पत्ता टाकला,
त्याखाली कुणी, माझ्याकडे मोटारसायकल आहे, पेट्रोल नाही,
त्याखाली पेट्रोल.
मी नुसती वाचत होते.
इतक्या भराभर उत्तरं
या वर्गानं मला कधी दिली नव्हती.

ऑगस्टच्या अखेरीस, रात्री अकराला,
एवेरचा निरोप आला. एकच शब्द :
खारट.

उशिरा आलेल्या उत्तराचा मी एक गुण कापते.
सगळ्यांना माहीत आहे.

बाबांचं त्यानं काही लिहिलं नव्हतं.
मी विचारायला लिहिलं, पुसलं,
पुन्हा लिहिलं.