तुटक बाण

सहाला थापी धुतो, सव्वासहाला वर्ग.
मधली पंधरा मिनिटं फुसेनीच्या मोटरसायकलवर,
टामालेची लाल धूळ दाताखाली कचकचते.
माझ्या बाकाखाली रोज सिमेंटचं पीठ सांडतं.
झाडणारा म्हातारा म्हणतो,
इमारत तिकडेच ठेवून येत जा रे बाबा.

एकोणीस वर्षं ब्लॉक रचले. ओळंबा डोळ्यातच बसलाय,
भिंत दोरा सोडून गेली की मान आपोआप तिरकी होते.
पण नापारी सर फळ्यावर उभारायचे त्या इमारतीत
दोन महिने मला दारच सापडेना:
नुसते गोल, गोलांतून निघालेले बाण,
बाणांच्या डोक्यावर दिवस.
पाया बारा. कॉलम नऊ.
हवामान अनुकूल गृहीत धरा.
(बाहेर हरमॅटन सुटलेला,
दुपारच्या आत स्लॅबला भेगा,
आम्ही पोती भिजवून अंथरतोय
आणि पाण्याचा टँकर कुठेतरी पंक्चर.)

ज्या वाटेवर एका दिवसाचीही सवड नसते
ती क्रिटिकल पाथ, सर म्हणाले.
मी समासात आमच्या दागबानीत लिहून ठेवलं:
जिथे आजारी पडायची परवानगी नाही, ती वाट.

मग गृहपाठ आला.
तुम्ही काम करता तिथला खर्च दहा टक्क्यांनी उतरवून दाखवा.
घरी वीज नव्हती. तीन रात्री पेट्रोलपंपाच्या उजेडात
मी आमचा दवाखाना कागदावर बांधला.
अझारा. एक घमेलं, अठरा किलो.
तळापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत चौसष्ट पायऱ्या.
दिवसाला किती खेपा, पाठीवरचं पोर रडलं की किती कमी.
आजवर तिला हाक मारत होतो,
मोजलं नव्हतं कधी.
उत्तर ओळंब्यासारखं सरळ खाली आलं:
एक होइस्ट भाड्याने आत,
चार बाया बाहेर.

वीसपैकी अठरा.

तो कागद ठेकेदाराला मीच दाखवला.
त्याने मागितला नव्हता.
हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.
त्याने चष्मा वर सारला, म्हणाला, शिकलास की!
आणि माझ्या छातीत काहीतरी
फुगलं, खोटं कशाला बोलू.

सोमवारी होइस्ट आला. तिघी दुसरीकडे गेल्या होत्या,
अझारा मात्र आली. वर जाणाऱ्या बादलीकडे
हनुवटी उचलून बघत राहिली.
हा काय पितो?
डिझेल.
मग माझ्यापेक्षा महाग आहे, म्हणाली, आणि हसली.
माझीच थापी मागून घेतली,
घमेल्याला चिकटलेला जुना माल खरवडून काढला,
घमेलं तिचं स्वतःचं होतं.
त्यात पोराची झबली ठेवली, डोक्यावर घेतलं.
थापी पुसून परत दिली.

परीक्षेत चौथा प्रश्न नेटवर्कचा.
त्यात एक बाण तुटक काढायचा असतो, डमी म्हणतात त्याला.
वेळ शून्य, खर्च शून्य, माणूस शून्य.
तो एवढंच सांगतो
की अमुक झाल्याखेरीज तमुक सुरू होत नाही.
बहुतेक मुलं तो विसरतात.
मी नाही विसरलो. पट्टी न लावता काढला,
हात थोडा हलला.

आता दवाखान्याला रंग चाललाय.
जिन्यात अजून तिच्या घमेल्यातून गळालेल्या मालाचे
वाळलेले ठिपके आहेत, जवळजवळ प्रत्येक पायरीवर,
वळणाशी जरा जास्त, तिथे ती दम खायची.
ताबा देण्याआधी ते छिन्नीने काढायचेत.
वेळापत्रक आता मी करतो.
काम टाकलंय त्यात, अगदी शेवटी,
अर्धा दिवस, एक माणूस.
सवड या रकान्यात लिहिलंय:
भरपूर.