मोंड

परसातल्या चार गुंठ्यांत बैल वळत नाहीत,
म्हणजे नांगर गेला.
पाला पिवळा होऊन आडवा पडला तेव्हा
नवरा भाजीची गाडी घेऊन पणजीच्या वाटेवर,
चोर्ल्याच्या घाटात फोन लागत नाही.
बटाटा माझ्यावर आला.

आधी कुदळ घेतली.
तिसऱ्याच घावाला आवाज आला, कच्,
ओला,
आणि टोकात खोचून वर आला
वाफ्यातला सगळ्यात मोठा.
तो काढून पदराला पुसला, बाजूला ठेवला,
जणू त्याला विचारायचं होतं काही.

फावड्यानं तर चकत्याच पाडल्या.
कडोलीच्या तांबड्या मातीत पांढऱ्या चकत्या,
भजीला चिरून कुणी पुरून ठेवाव्यात तशा.

कुंपणापलीकडून लुमाण्णा:
"काय करूलालीस गं?
बटाटं काढूलालीस का भाजी चिरूलालीस?"
हसला, खरं जाऊन दाताळं घेऊन आला,
शेणखत ओढायचं, चार दातांचं.
त्यातून गोळी निसटायची
आणि मोठ्याच्या कोवळ्या सालीवर
चार ओरखडे,
मांजरानं काढावेत तसे.

रात्री मोजले. अर्धी बादली.
कापलेला माल यार्डात कोण हात लावत नाही,
पोत्यात एक सडला की शेजारच्याला घेऊन सडतो.
आम्ही तीन दिवस तेच खाल्लं.
पोरगं म्हणालं, आई, आज तरी वांगं.

चौथ्या दिवशी सायकलला खुरपं अडकवून
मोनाप्पा कम्माराकडं गेले.
म्हटलं, धार काढा.
त्यानं कानस घेतली.
म्हटलं, लावायची नाही. काढायची.

भाता थांबला.
"मोंड माडबेकेन?"
आणि मग माझ्यासाठी मराठीत, सावकाश:
"बाई, चाळीस वर्षं झाली,
बोथट करून दे म्हणून
अजून कोण आलं नाही."

रागावला असावा. बोलला नाही पुढं.
खुरपं लाल केलं,
कड ऐरणीवर ठेवून आत दुमडली, ज्वारीच्या दाण्याएवढी,
टोक अंगठ्याच्या नखासारखं गोल.
बादलीत बुडवलं. चर्र झालं.
मग पुसून स्वतःच्या गालावरून फिरवलं,
दाढीच्या उलट्या दिशेनं,
आणि मला गाल दाखवला.
"धारेचं घेतो तेवढंच घेईन," म्हणाला.
वीस रुपये.

आता माती आधी मुठीला सांगते.
खडा असला तर खर्र.
बटाटा असला की खुरपं थबकतं,
दारात कुणाच्या चपला दिसल्यावर थबकावं तसं,
मग मी बोटं घालते, बाजूनं.
दोन वाफ्यांत एकच कापला,
तोही माझ्या नखानं.

लुमाण्णानं तिसऱ्या वाफ्यापर्यंत बघितलं.
संध्याकाळी कुंपणाशी आला.
"ते तुझं मोंड दे की जरा,
आमचंबी परसातलं तेवढं काढतो."
खुरपं म्हणाला नाही. मोंड म्हणाला.
गावभर तेच नाव झालं मग.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत आणून दिलं.
धुतलेलं, फडक्यात गुंडाळलेलं.
उसनी वस्तू आहे तशी कशी द्यायची,
म्हणून रात्री बसून
कानशीनं धार लावून.

मी काय बोलणार.
चहा दिला त्याला,
आणि सायकल काढली.