जोड

टेप माझ्याकडेच आहे. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात,
वर माझ्या तेव्हाच्या अक्षरात: क्लब हॉल, तुकोगंज, मार्च चौऱ्याहत्तर.
रेकॉर्डर जेल रोडच्या दुकानात दुरुस्तीला आलेला,
मालकाला न विचारता पोत्यात घालून नेला होता मी.
एकोणीस वर्षांचा होतो. चोरी वाटलीच नाही.

लेस्टर पिंटो महूहून बसने यायचा,
सॅक्सोफोनची पेटी मांडीवर, झोपलेलं पोर धरावं तशी.
सुहास मुंगी कॉलेजात गणित शिकवायचा,
गिटार डोळे मिटून वाजवायचा,
चुकलं की एकच डोळा उघडायचा.
बेसवर बँकेतले टेंबे. ड्रमवर खंडू,
एरवी लग्नाच्या वरातीत ताशा,
त्याचं धोतर त्या दिवशी पँटीत कोंबलेलं होतं.

ब्लूज म्हणजे काय ते मला मुंगीसरांनीच सांगितलं होतं:
बारा घरं फिरायची आणि पहिल्या घरी परत यायचं,
पण दर खेपेला उंबऱ्यावर ठेच लागली पाहिजे.

अकराला सात-आठ मिनिटं होती.
लेस्टर नुकता पुढे आला होता, ठेच लागायचीच होती,
आणि लाइट गेले.

रेकॉर्डिंग चालू असताना मोटर मंदावली
तर नंतर ऐकताना सूर उलटा वर चढतो.
म्हणून टेपवर त्याचा सॅक्स शेवटी
मांजरीच्या पिल्लासारखा ओरडतो. मग टिक.

हॉलमध्ये तो थांबला नव्हता.

गिटार मेली, बेस मेला, टेंबे कुजबुजले, "आता हो?"
खंडूने काड्या ठेवून बोटांनी धरली लय.
आणि अकराला मिलचा भोंगा झाला, रात्रपाळीचा.
हसला कोणीतरी.
लेस्टरने भोंग्याचा सूर उचलला, तसाच, बेसूर,
धरून ठेवला भोंगा संपल्यानंतरही,
मग हळूहळू वाकवत नेला खाली,
ओल्या कपड्याला पीळ द्यावा तसा.
मागच्या रांगेत मिलमधले दोघे होते,
पाळी चुकवून आलेले. ते उठून उभे राहिले.

पुढचं काय वाजवलं ते मला आठवत नाही.
खोटं कशाला बोलू.
आठवतात सॅक्सच्या चाव्यांचे खटके,
मध्येच झटकलेली थुंकी, तिचे थेंब माझ्या मनगटावर,
आणि कुणाच्या तरी बांगड्या, ज्या आधी लयीत नव्हत्या.

चौदा मिनिटांनी लाइट आले.
टेपवर टाळ्या आधी चिमण्यांच्या येतात,
मोटरने वेग पकडला की माणसांच्या होतात.

परवा मुंगीसरांची नात आली, पुण्याहून.
कानांत पांढऱ्या गोळ्या घालून तिने सगळं ऐकलं.
म्हणाली, "काका, इथे टेप खराब झालीये."
मी म्हटलं, "नाही गं. इथेच तर होतं."
तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्या वयाकडे पाहतात तसं,
आणि प्रेमाने म्हणाली, "करते मी नीट."

काल फाइल आली. झकास केलंय पोरीने.
खरखर गेली, खोकला गेला,
किंचाळी गेली, चिमण्या गेल्या.
लेस्टर पुढे येतो आणि लगेच टाळ्या.
जोड कुठे आहे ते मलाही सापडत नाही,
आणि मी पन्नास वर्षं टेपच जोडत आलोय.

तिला कळवलं: सुरेख झालंय.
डबा मात्र परत दिला नाही.
मिल बंद पडून जमाना झाला, भोंगा काढून नेला भंगारवाल्याने,
रात्री अकराला शेजारी फक्त पंप लावतात पाण्याचा.
त्याचा सूर
जरासा उतरलेला आहे, पण जवळपास
तिथलाच.