दुखून राहिलं

आमच्याकडे दुखत नाही,
दुखून राहतं.
पुण्याच्या नणंदेला हसू येतं या बोलण्याचं.
तिला काय ठाऊक,
एकवीस वर्षं डावं कानशील, डावी भुवई,
डाव्या डोळ्यामागे एक खिळा.
तो येत-जात नव्हता,
राहत होता, भाडं न देता.

धंतोलीच्या लॅबमध्ये मी मायक्रोस्कोपवर.
स्लाइड, तेलाचा थेंब, वाकून मोजलेल्या पेशी,
शंभर झाल्या की पुन्हा एक.
डेंग्यूच्या दिवसांत तर
लोकांच्या प्लेटलेट्स माझ्या स्वप्नात यायच्या.

ती आधी कळवायची, एवढं खरं.
डोळ्यापुढे करवतीचे दाते चमकत,
मग सदरच्या रस्त्यावरचा सगळा उजेड
एका बाजूने कुरतडलेला.
मे महिन्यात नव्या वाळ्याच्या ताट्या लागल्या
की अख्खं घर खोल श्वास घ्यायचं,
मी मोरीकडे धावायचे.

उपाय सगळ्यांकडे होते.
सूर्य उगवायच्या आत गरम जिलेबी,
सुंठीचा लेप, करकचून बांधलेला दुपट्टा,
तीनदा चष्मा.
“टेन्शन घेऊन राहिली तू,” हे तर फुकट.
मेंदूवाल्या डॉक्टरांच्या गोळ्या मात्र चांगल्या होत्या.
अजूनही पर्समध्ये आहेत. असोत.

त्यांनीच पाठवलं रामदासपेठेत,
जिन्याखालच्या खोलीत, यामिनी उईकेकडे.
माझ्या लेकीएवढी पोरगी,
हात थंडगार. शेहेचाळीस डिग्रीत थंड हात,
माझी निम्मी फी तिथेच वसूल.
“डोकं नंतर पाहू, ताई. मान दाखवा.”

कवटीच्या बुडाशी, डावीकडे,
जिथून वेणी सुरू होते तिथे
तिने अंगठा ठेवला, दाबला,
आणि डोळ्यामागचा खिळा पेटला.
“हाच?”
“हाच.”
मी रडले.
दुखलं म्हणून नाही.
त्याचं दार बाहेरून कोणाला तरी सापडलं म्हणून.
अंगठा हलला नाही.
गॅस बंद केल्यावर दूध खाली बसतं
तसं हळूहळू ते बसलं.

तिने चिठ्ठीच्या मागे काढून दाखवलं:
मानेच्या वरच्या तीन नसा
आणि कपाळाची, डोळ्याची नस
मेंदूच्या देठात एकाच खिडकीवर येतात.
तिथला बाबू गोंधळतो.
अर्ज मानेचा, शिक्का डोळ्यावर.
“पण सगळ्यांची अर्धशिशी अशी नसते हं.
तुमची थोडी आहे. थोडीच म्हणून राहिले मी.”
त्या ‘थोडी’वर माझा विश्वास बसला.

मग हनुवटी आत ओढायची, दहा वेळा,
नको असलेला घास समोर आल्यावर
आपण न बोलता मागे सरकतो तशी.
मायक्रोस्कोप दोन जुन्या रजिस्टरांवर चढवला.
मान यंत्राने वाकवली, असं यामिनी म्हणते.
मी तिला सांगितलं नाही
की शाळेच्या वाटेवरच शिकवलं होतं मला,
मान खाली घालून जायचं,
मान खाली घालून यायचं.
यंत्राला ती तयारच मिळाली.

कॅलेंडरवर मार्चमध्ये अकरा फुल्या होत्या,
ऑगस्टमध्ये चार.
चार आहेत. शून्य नाहीत.
मोजण्यात मी खोटं बोलत नाही,
आयुष्यभर तेच काम केलंय.

काल पुन्हा करवत चमकली.
गोळी घेतली, पडदे ओढले,
कवटीखाली दोन बोटं टेकवून पडले.
संध्याकाळी यांनी दारातूनच विचारलं, “दुखून राहिलं का?”
म्हटलं, “दुखून गेलं.”
चहा टाकला. आलं जरा जास्तच पडलं.

आज लॅबमध्ये नवी मुलगी, बोरकुटेंची,
आयपीसवर पार ओणवी झालेली.
काही न बोलता तिचं यंत्र उचललं,
खाली एक रजिस्टर सरकवलं.
ती दचकली.
“काऊन, मॅडम?”
म्हटलं, मोज तू. वर बघून मोज.