हवा काढणे

आधी फिल्टरवरचा स्क्रू दोन आटे सैल करायचा.
मग हातपंप मारत राहायचं.
फेस येतो.
डिझेल आणि हवा एकमेकांत गुंतलेली,
खाकरल्यासारखी बाहेर पडतात.
पटवेगार पंपवाले म्हणतात,
फेस संपेपर्यंत हात थांबवायचा नाही.
एक बुडबुडा आत राहिला
तरी सहाच्या सहा सिलिंडर तोंड फिरवून बसतात,
मानपान चुकलेल्या व्याह्यांसारखे.

बत्तीस वर्षं मी यंत्रमागावर जॉबर.
धोटा कुठं अडतोय ते आवाजावरनं कळायचं,
झोपेतसुद्धा.
हे यंत्र वेगळं.
हे गप्प राहून फसवतं.

देहूरोडच्या लिलावात घेतला, भंगाराच्या भावात.
टँकर करणार होतो बहुतेक. आता नीट आठवत नाही.
कागदावर लिहिलं होतं: जसा आहे, जिथे आहे.
राजेश्वरीनं ते वाचलं, माझ्याकडं बघितलं,
म्हणाली, लग्नात तुमच्या बापानं
एवढं लिहून दिलं असतं तर बरं झालं असतं.

एकोणीस वर्षं तो अंगणात उभा.
त्याच्या सावलीत पोरं दहावी झाली,
बॉनेटवर कुरडया वाळल्या,
बॅटरीच्या पेटीत उंदरांनी तीनदा संसार मांडला,
हौद्यात चादरींच्या गाठी राहिल्या, ताडपत्रीखाली.
मग घरचे चार माग विकले.
किलोवर.
हातांना काही उरलं नाही
तेव्हा मी पहिल्यांदा त्याचं बॉनेट
नीट उघडलं.

खरवडलं की हिरव्याखाली वाळूचा रंग,
वाळूखाली पुन्हा हिरवा.
दारावर वर टोक केलेला बाण आणि निम्मा नंबर.
सीटखाली कान तुटलेला मग.
आणि दाराच्या पोकळीत
सुताचा एक बोळा,
खडखडू नये म्हणून कुणा ड्रायव्हरनं कोंबलेला.
लाल, मोरपंखी, पिवळं. मागावरचं वेस्ट.
मी बोटांनी पीळ उकलून पाहिला.
आपल्या सोलापूरचं असेल? असेल.
इचलकरंजीचंही असेल.
सुताला पत्ता नसतो.
बोळा होता तिथं परत कोंबला.

मे महिन्यात पाना उन्हात राहिला
तर हात लावू देत नाही,
म्हणून पहाटे पाचला सुरुवात.
वेणू बॅटरी धरतो आणि प्रश्न विचारतो.
आजोबा, चालू झाला तर जाणार कुठं?

बरोबर आहे त्याचं.
समोर बोल्लींनी जिना बाहेर काढलाय.
मी टेप लावून मोजलं, दोनदा.
सात इंच कमी पडतात.
बोल्ली भला माणूस. सांगा, म्हणाला, पायऱ्या फोडतो.
त्याची आई त्याच पायऱ्यांवर बसून विड्या वळते,
वाऱ्याची तेवढी एकच जागा आहे गल्लीत.
राहू दे, म्हणालो.

आज पाणी यायचा दिवस. अजून आलेलं नाही.
दारोदार निळे ड्रम तोंड उघडून.
मी पंप मारतोय.
फेस.
फेस.
अजून फेस.
मग एकाएकी धार,
ताण बसलेल्या धाग्यासारखी, न तुटणारी.
स्क्रू आवळला. वेणूला म्हटलं, दाब.

पहिल्यांदा कण्हला.
दुसऱ्यांदा खोकला.
तिसऱ्यांदा बोल्लींच्या खिडक्या थरथरल्या,
काळा धूर उठला
आणि दोरीवरच्या दोन साड्यांवर जाऊन बसला.
तेवढ्यात गल्लीच्या टोकाकडनं ओरडा,
"नीळ्ळु वच्चिनय!"
आणि सगळे नळाकडं पळाले, वेणूसकट.

राजेश्वरी पाईप घेऊन निघाली होती, ती थांबली.
मडगार्डवर हात ठेवला.
थरथर तिच्या बांगड्यांत आली.
आयुष्यभर मागाशेजारी कांड्या भरलेली बाई,
मान तिरकी करून ऐकत राहिली.
साड्यांबद्दल काही बोलेल, वाटलं.
"एक चुकतोय बघा," म्हणाली,
आणि पाण्याला गेली.

मी कान दिला.
खरंच, चुकत होता.