अडीच सेंटीमीटर

काजूच्या मोसमात मांगरात जमिनीवर झोपलो,
ही चूक माझी. मण्यारीची नाही.
पहाटे पापण्या उघडेनात,
जीभ भिजल्या चुडतासारखी जड,
आणि वाळपईहून बांबोळीपर्यंत
गाडीत कोण हातानं फुगा दाबत माझा श्वास घेत होतं
ते अजून कळलेलं नाही.

सतरा दिवस घशात नळी.
नळीच्या टोकाला म्हणे आणखी एक लहानसा फुगा असतो,
हवा बाजूनं निसटू नये म्हणून.
तो थोडा जास्त फुगला.
एवढंच.

विष उतरलं. घरी आलो. वाड्यावर नारळ फुटला.
महिन्यानं चढणीवर शीळ ऐकू आली.
पाखरू असेल म्हणून मागे वळून बघितलं.
शीळ माझ्यातच होती.
एकानं दमा सांगितला, पंप दिला.
दुसऱ्यानं दुसरा पंप.
मी भाटीवाला माणूस, तीस वर्षं उर्राक गाळतो,
नळी आतून आवळली की भाण कसं घुमतं
ते मला शिकवू नका, म्हटलं.
डॉक्टर कुलासोबाईंना स्टेथोस्कोपही लागला नाही.
टेबलापलीकडूनच म्हणाल्या,
"थांबा. परत घ्या श्वास.
हा दमा नव्हे. वाट बुजत आलीय."

पडद्यावर गुलाबी बोगदा,
मध्येच पांढरं कडं,
कड्यात काजूचं देठही अडेल एवढं भोक.
फुगा टेकला तिथलं मांस मेलं होतं
आणि जखम भरताना जरा जास्तच भरली.
शरीर करतं असं, बाई म्हणाल्या,
भिंत लिंपता लिंपता दारही लिंपून टाकतं.

आधी ताणून पाहिलं. दोनदा. फुग्यानंच.
मला हसू आलं, हसण्याइतकी हवा नव्हती.
दोन्ही वेळा परत मिटलं.
मग गळ्याला भोक, चार महिने.
बोलायचं तर भोकावर बोट.
गिऱ्हाईक घासाघीस करू लागलं की
मी बोट काढून घ्यायचो,
ते एकटंच भाव पाडत राहायचं.

शेवटी कापलं.
अडीच सेंटीमीटर काढून दोन टोकं शिवली,
ताण पडू नये म्हणून
हनुवटी छातीला टाक्यांनी बांधली.
आठ दिवस कुणाचं तोंड पाहिलं नाही,
माणसं पायांवरून ओळखली.
सिस्टर झेफेरिनाची डावीकडून झिजलेली चप्पल.
शेवंतीच्या टाचांच्या भेगा.
आणि बुटांची एक जोडी, रोज यायची,
खाटेशी थांबायची, न बोलता जायची.

सहाव्या दिवशी बूट बोलले.
"त्या रात्री नळी मी घातली होती.
दाब मोजायचं यंत्र एकच होतं, दुसऱ्या वॉर्डात.
मी बोटानं दाबून अंदाज घेतला."
आडनाव वेर्णेकर. आवाज पंचविशीतला.
मीही भाटीची आच अंदाजानंच ठेवतो,
पण हे त्याला सांगायला आवाज नव्हता,
आणि मान वर होत नव्हती.
त्याच्या बुटाची नाडी सुटली होती,
ती बोटानं दाखवली.
तो खाली वाकला, बराच वेळ वाकूनच राहिला.

आता आवाज खर्जात गेलाय.
कुत्र्याला पटायला आठवडा लागला.
शीळ गेली, आणि शेवंतीची झोपही.
वर्षभर ती त्या शिळेवर झोपली,
वाजतेय म्हणजे आहे.
आता अंधारात काहीच ऐकू येत नाही,
मग तिचा तळवा माझ्या नाकापुढे येतो,
थांबतो.
मी जागा असतो, सांगत नाही.
तळव्यावर जरा मोठा श्वास सोडतो.