डाव्या हाताचं माप

बाकावर तीन क्लच उघडून ठेवलेत,
कुणी रात्री काढून ठेवलेल्या कवळ्यांसारखे.
शेडमागे कालवा. भिंतीवर स्केट्स.
फ्रीसलँडचा वारा दाराची कडी वाजवतोय, सकाळपासून.

इंजिन गाळ उपसायच्या होडीतलं :
एकच सिलिंडर, हंड्याएवढं फ्लायव्हील,
छत्तीसशे फेऱ्यांवर जायला साफ नकार.
सांगाडा बुलेटचा, हिंदुस्थानातून बोटीने आलेला.
हँडलला कुणीतरी बांधलेला काळा दोरा
मी काढला नाही.

पेट्रोलचं इंजिन पळत सुटतं, त्याला आवरावं लागतं.
हे मुळात सावकाश. म्हणून पुढचं चक्र मोठं घ्या, मागचं लहान.
जुना हिशेब सव्वादोनास एक. नवा दीडलाही पोचत नाही.
कॅलेंडरच्या पाठीवर मी आकडे मांडतो
आणि हिस्के खांद्यावरून वाकून बघते.
"मग क्लचवर भार वाढेल?"
नाही, घटेल. तो आता भरभर फिरणार ना.
"बरंय," ती म्हणते, "धावणाऱ्याला ओझं कमी."
असं नसतं, पण सूत्र तसंच निघतं.

अडचण भाराची नाहीच. अडचण ठोक्याची.
चार धक्क्यांत एकदा मुसळ पडतं
आणि मधल्या तिन्हीत उखळ वाट बघतं.
हे सगळं सोसायचं कुणी?

डाउवे, तिचा जावई, म्हणाला : दुहेरी साखळी.
तेलात बुडवा, झाकण लावा, वीस वर्षं विसरा.
खरं होतं त्याचं. फक्त तेलातल्या चकत्या घसरतात,
मग स्प्रिंगा कडक लागतात,
आणि स्प्रिंगा कडक झाल्या की लिव्हर.
हिस्केने हात घातला.
लिव्हर अर्ध्यावर येऊन थांबली.
तिची दोन बोटं नीट मिटत नाहीत :
पुलाच्या दंतचक्राने घेतली होती, पूर्वी, एका मार्चमध्ये.
आम्ही तिघंही पाने शोधू लागलो.

"मग क्लचच नको," डाउवे म्हणाला,
"स्कूटरसारखा आपोआप चालणारा पट्टा बसवू."
ती हसली नाही.
एकतीस वर्षं तिने उचलता पूल सांभाळलेला,
गळाच्या काठीला लाकडी बूट बांधून
होड्यांकडून टोल घेतलेला.
"दोन काठ कधी जोडायचे," ती म्हणाली,
"ते मी ठरवत होते. आपोआप नाही."

तेव्हा मी दातेरी पट्टा घेतला. रुंद, कोरडा.
कोरड्या चकत्या एकमेकींना घट्ट धरतात,
त्यांना कडक स्प्रिंगांचा धाक लागत नाही.
क्लचच्या पोटात रबराचे ठोकळे, मुसळासाठी.
खालचा दांडा बोटभर लांब केला :
ओढ हलकी, पल्ला मोठा. फुकट काही मिळत नाही.
डाउवे म्हणाला, शिवणयंत्र झालंय.
लिव्हर मात्र पूर्ण आली. तीनदा. चौथ्यांदा तिने उगाच ओढली.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी आम्ही निघालो, मी मागे.
तिच्याच पुलापाशी लाल दिवा लागला.
आता तिथे कुणी बसत नाही, खांबावर एक कॅमेरा आहे,
शहरातल्या कुठल्याशा खोलीतून पूल उचलतात.
न्यूट्रल कर, मी ओरडलो. तिने ऐकलं नाही,
किंवा इंजिनच्या धडधडीत ऐकूच गेलं नाही.
पहिल्या गिअरमध्ये, लिव्हर दाबून, ती बसून राहिली.
एक शिडाची होडी गेली. मग वाळूचा पडाव, लांबच लांब.
मग दोन पोरं, रबरी नावेत, हात हलवत.
तिचा डावा हात कापत होता, थोडासा.

फळी खाली आली. दिवा हिरवा झाला.
तिने आणखी क्षणभर थांबून
बोटं उघडली, एकेक.

पट्टा किंचित कुरकुरतोय अजून.
पुलीमागे अर्ध्या मिलिमीटरची चकती घालायला हवी.
गुरुवारी बघतो.